मेळ्याच्या गाळ्यावरील कीटक : हस्तकला मेळ्यांसाठी कच्चा माल, साठवण आणि विक्रीचे नियोजन

प्रास्ताविक

आश्विनापासून फाल्गुनापर्यंतचा काळ हा आपल्या देशातील मोठ्या मेळ्यांचा काळ होय. विजयादशमीस इतरत्र दसऱ्याचा उत्सव संपतो, त्याच दिवशी हिमाचल प्रदेशात कुल्लूचा दसरा सुरू होतो आणि तेथील पटांगणात लोकरी शालींची दुकाने थाटली जातात. डिसेंबरच्या १ ते १० तारखांना नागालँडमध्ये हॉर्नबिल महोत्सव भरतो. २१ ते ३० डिसेंबर या दहा दिवसांत उदयपूरच्या शिल्पग्रामात पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचा उत्सव असतो. महाराष्ट्र व गोवा ही राज्ये याच केंद्राच्या कार्यक्षेत्रात येतात. बंगाली पंचांगातील पौषाच्या सातव्या दिवसापासून शांतिनिकेतनात पौषमेळा भरण्याची परंपरा आहे. फेब्रुवारीत हरियाणातील फरिदाबादजवळ सूरजकुंडचा हस्तकला मेळा भरतो. १९८७ साली सुरू झालेल्या या मेळ्यास २०१३ पासून आंतरराष्ट्रीय स्वरूप प्राप्त झाले आहे. याखेरीज ग्रामीण बचत गटांसाठी भरणारी सरस प्रदर्शने आहेत. मुंबईतील महालक्ष्मी सरस हे त्यांपैकी आपल्या वाचकांस परिचित असलेले नाव.

या मेळ्यांचा विचार सामान्यतः संस्कृती, पर्यटन किंवा विपणन या अंगांनी केला जातो. प्रस्तुत लेखात तो कीटकशास्त्राच्या अंगाने केला आहे, आणि त्यास सबळ कारण आहे. गाळ्यावर मांडलेल्या वस्तूंपैकी लाखेच्या बांगड्या, टसर व एरी रेशमाची वस्त्रे, मध आणि मेणाच्या साच्यातून घडविलेल्या ढोकरा मूर्ती यांचे मूळ कीटकांत आहे. उलटपक्षी बांबू, लाकूड, लोकर, कडधान्ये, मसाले व वाळविलेल्या वनौषधी हे कीटकांचे अन्न आहे. एकाच गाळ्यावर कीटक उत्पादक म्हणूनही उभा असतो आणि नासाडी करणारा म्हणूनही. या दोन्ही बाजू ज्यास उमगल्या, त्या गटाचा मेळा सहसा वाया जात नाही.

मेळ्यात नेमके काय पणास लागते?

गावातील दुकानदार खराब निघालेली वस्तू बदलून देऊ शकतो. मेळ्यातील विक्रेत्यास ही सवलत नसते. त्याचा ग्राहक दहा-पंधरा दिवसांत एकदाच भेटतो व वस्तू घेऊन दूरच्या शहरी निघून जातो. दिल्लीतील १९९४ साली सुरू झालेल्या दिल्ली हाटसारख्या कायमस्वरूपी बाजारातही कारागिरांना गाळे ठरावीक मुदतीसाठी, पाळीपाळीने मिळतात. म्हणजे गटाचे कित्येक महिन्यांचे श्रम, उसनवारीचे भांडवल आणि प्रवासखर्च यांची भरपाई अल्पावधीत व्हावी लागते.

अशा वेळी टोपलीखाली पिठासारखी पूड साचलेली दिसली किंवा तुरीच्या पाकिटात भुंगेरे फिरताना आढळले, तर नुकसान त्या एका वस्तूपुरते राहत नाही. शेजारची निर्दोष वस्तूही ग्राहक हातात घेत नाही. पुढील वर्षी त्या गटास गाळा देताना आयोजकही विचार करतात. कीडनियंत्रण हा येथे गटाच्या पतीचा प्रश्न आहे.

भाग पहिला : कीटकांनी दिलेला माल

लाख. केरिया लॅक्का या सूक्ष्म कीटकाची पिल्ले कोवळ्या फांदीवर स्थिरावतात, रस शोषतात आणि अंगाभोवती राळेचे कवच निर्माण करतात. हीच लाख. उत्पादनाचा मोठा वाटा मादी कीटकांचा असतो. झारखंड, छत्तीसगड, मध्य प्रदेश व पश्चिम बंगाल ही लाखेची प्रमुख राज्ये असून महाराष्ट्रात गोंदिया व गडचिरोलीकडे तिची शेती होते. रांचीजवळील नामकुम येथे १९२४ पासून लाखेवर संशोधन सुरू आहे.

लाख किडीचे दोन प्रकार आहेत. रंगिनी प्रकार मुख्यतः पळस व बोरीवर वाढतो. त्याची कतकी पीक-फेरी जून-जुलैत सुरू होऊन ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संपते. बैसाखी फेरी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन पुढील जून-जुलैत हाती येते. कुसुमी प्रकार प्रामुख्याने कुसुंबाच्या झाडावर वाढतो. त्याची अगहनी फेरी जानेवारी-फेब्रुवारीत, तर जेठवी फेरी जून-जुलैत निघते. मेळ्याच्या दृष्टीने याचा अर्थ स्पष्ट आहे. डिसेंबर-फेब्रुवारीच्या मेळ्यांसाठी बांगड्या, खेळणी वा डबे घडवावयाचे असतील, तर कच्ची लाख जून-जुलैच्या तोडणीत, किंवा फार तर कतकीच्या तोडणीत खरेदी करून ठेवावी लागेल. अगहनीची लाख त्या हंगामास पुरेशी लवकर मिळत नाही.

साठवणुकीत दोन संकटे संभवतात. युब्लेमा अमाबिलिस व स्यूडोहायपाटोपा पल्व्हेरिया या पतंगांच्या अळ्या झाडावर लाख किडीस खातात. त्यांपैकी दुसरी साठविलेल्या काडीलाखेतही उपद्रव चालू ठेवते. यास्तव लाख काडीपासून लवकर खरवडून, धुऊन दाणालाखेच्या रूपात ठेवावी. झाडावर बांधलेल्या बीजलाखेतून पिल्ले बाहेर पडल्यावर उरलेली फुंकी सुमारे तीन आठवड्यांत उतरवून घेतल्यास शत्रूकीटकांचा प्रसार पुष्कळ प्रमाणात रोखता येतो. दुसरे संकट उष्णतेचे. पत्र्याखाली रचलेल्या ढिगात लाखेचे दाणे चिकटून गोळे होतात. ढीग पातळ, जागा थंड व हवेशीर असावी.

जयपूर व हैदराबादच्या बाजारांतील लाखेच्या बांगड्या, कर्नाटकातील चन्नपट्टणची खेळणी आणि आपल्याकडील सावंतवाडीचे लाखकाम यांस एकच सूचना लागू पडते : वस्तू थेट उन्हात मांडू नयेत आणि बंद वाहनाच्या काचेजवळ ठेवू नयेत.

रेशीम. तुती, टसर, एरी व मुगा ही चारही व्यापारी रेशमे उत्पन्न करणारा भारत हा एकमेव देश आहे. टसरचा कीटक ऐन व अर्जुनाच्या झाडांवर पोसला जातो. झारखंड त्यात आघाडीवर असून विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया येथेही टसरची परंपरा आहे. एरीचा कीटक एरंडाच्या पानांवर वाढतो. त्याच्या कोषाचे तोंड खुले असल्याने पतंग बाहेर पडल्यावर कोषापासून सूत कातता येते. मुगा ही आसामची मिरास होय.

टसरचे मुख्य व्यापारी पीक हिवाळ्याच्या तोंडाशी निघते. म्हणून फेब्रुवारीच्या मेळ्यातील वस्त्र बहुधा आधीच्या वर्षीच्या कोषांचे असते आणि ते कोष अनेक महिने साठविलेले असतात. मृत कोषस्थ किड्याच्या वासाने डर्मेस्टीस जातीचे भुंगेरे तेथे येतात व कोषास छिद्रे पाडतात. छिद्र पडलेल्या कोषातून अखंड धागा निघत नाही. साठवणीची खोली झाडून स्वच्छ ठेवणे, जुने व फुटके कोष वेगळे काढणे आणि खिडक्यांस बारीक जाळी बसविणे हे यावरील स्वस्त व खात्रीचे उपाय आहेत.

विक्रीच्या वेळी खरेपणाचा पुरावा हवा. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ पासून सिल्क मार्क ही खूणचिठ्ठी उपलब्ध आहे. गटाने अधिकृत सदस्यत्व घेऊनच ती वापरावी. पदरातील एक धागा जाळून दाखविण्याची जुनी पद्धत मर्यादित उपयोगाची आहे. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो व राख चुरगळते. कृत्रिम धागा वितळून त्याचा कठीण मणी बनतो. मात्र लोकरही केसासारखीच जळते, आणि टसर व तुती यांतील भेद या चाचणीने कळत नाही.

मध व मेण. सातेरी, मेलिफेरा व आग्या या मधमाश्यांचा मध मेळ्यांत विक्रीस येतो. ग्राहक काडी पेटवून किंवा पाण्यात थेंब सोडून मधाची परीक्षा करू पाहतो. या दोन्ही परीक्षा निरर्थक आहेत. मध गोठणे अथवा साखरेसारखा रवाळ होणे ही भेसळीची खूण नाही. मोहरीसारख्या फुलांचा शुद्ध मध तर थंडीत हमखास गोठतो. खरा निकष प्रयोगशाळेचा आहे. अन्नसुरक्षा मानकांनुसार मधातील पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांहून अधिक नसावे. त्याहून पातळ मध आंबतो व बाटलीचे झाकण फुगते. पोळ्यातील बहुतांश घरे मेणाने बंद झाल्यावरच मध काढावा. आग्या मोहोळ जाळून काढलेला मध हा पुढील हंगामाचे भांडवल जाळून घेतलेला मध होय. केवळ मधाचा भाग कापून अंड्या-पिलांचा भाग राखण्याची पद्धत ज्या गटाने स्वीकारली, त्याने ती गाळ्यावर आवर्जून सांगावी.

बस्तरमधील कोंडागाव आणि पश्चिम बंगालमधील बिकना व दरियापूर येथील ढोकरा कारागीर मेणाच्या धाग्यांनी मूर्तीचे रूप घडवितात, वर मातीचा लेप देतात आणि मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओततात. मोहेंजोदडोची नर्तिका याच तत्त्वावर ओतलेली आहे. मधपाळाच्या दृष्टीने ही मेणाची खात्रीची बाजारपेठ आहे. परंतु टाकून दिलेली जुनी पोळी काही आठवड्यांत मेणपतंगाच्या अळ्या फस्त करतात. पोळी साठवू नयेत. ताबडतोब वितळवून मेणाच्या वड्या कराव्यात. मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते. ते नेहमी गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवावे, थेट आचेवर नव्हे.

भाग दुसरा : कीटकांनी खाल्लेला माल

बांबू. मेळ्यातील सर्वाधिक तक्रारी बांबूच्या वस्तूंविषयी येतात. त्यांचे मूळ डायनोडेरस मायन्यूटस व त्याच्या भाईबंद भुंगेऱ्यांत आहे. सुमारे तीन मिलिमीटर लांबीचा, गडद तपकिरी भुंगेरा तोडलेल्या बांबूत शिरून अंडी घालतो. अळ्या आतील पिष्ट खातात व मागे मैद्यासारखी पूड सोडतात. उबदार हवेत एक पिढी साधारणतः दीड ते दोन महिन्यांत पूर्ण होते.

हे गणित मेळ्याच्या वेळापत्रकाशी जोडून पाहावे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हिरवा बांबू तोडून, न वाळविता त्याच्या टोपल्या विणल्या आणि ढीग कोंदट खोलीत ठेवला, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नवी पिढी बाहेर पडते व त्याच ढिगात पुन्हा अंडी घालते. बांधणी करताना निर्दोष भासलेला माल गाळ्यावर उघडताच पूड गाळू लागतो. विक्रेता प्रवासास दोष देतो. वस्तुतः दोष तोडणीच्या महिन्याचा असतो.

उपाय क्रमाने असे :
१. तीन ते चार वर्षे वयाचाच बांबू तोडावा. कोवळ्या बांबूत पाणी अधिक, टिकाऊपणा कमी.
२. तोडणी हिवाळ्यात करावी. पावसाळ्यात नवे कोंब फुटत असताना बेटास हात लावू नये.
३. तोडलेला बांबू दोन ते तीन आठवडे वाहत्या अथवा वरचेवर बदलल्या जाणाऱ्या पाण्यात बुडवून ठेवावा. पिष्ट व शर्करा पाण्यात उतरल्याने भुंगेऱ्यास अन्न उरत नाही. या उपायाने वाळवीस मात्र आळा बसत नाही.
४. शोभेच्या व घरातील वस्तूंसाठी बोरिक ॲसिड व बोरॅक्स यांच्या द्रावणाची प्रक्रिया करावी. द्रावणाचे प्रमाण जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडून वा बांबू प्रशिक्षण केंद्राकडून निश्चित करून घ्यावे. ही द्रव्ये पाण्यात विरघळतात, म्हणून पावसात राहणाऱ्या वस्तूंना ती पुरेशी नाहीत; आणि ज्या टोपलीत अन्न थेट ठेवले जाते, तिच्यासाठी ती वापरू नयेत.
५. सावलीत, हवेशीर जागी, जमिनीपासून उंचावर पूर्ण वाळविल्यावरच वस्तू कोऱ्या पुठ्ठ्यात बांधाव्यात. ओल्या वस्तू प्लास्टिकमध्ये बंद केल्यास बुरशी निश्चित.

लाकडी वस्तूंतही रुंद पानांच्या झाडांचे बाहेरील पांढरे लाकूड असेच पोखरले जाते. शक्य तेथे मधला गर्द गाभा वापरावा. निर्यातीच्या लाकडी वेष्टनास गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान ३० मिनिटे देण्याचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. परदेशी ग्राहकास लाकडी वा बांबूची वस्तू विकताना हे ध्यानी ठेवावे. ऑस्ट्रेलियासारख्या देशांत जिवंत कीड आढळलेली वस्तू विमानतळावरच अडविली जाते.

लोकर. कुल्लूची शाल असो वा दख्खनी मेंढीच्या लोकरीचे घोंगडे, कसर पतंगाची अळी व गालिचा भुंगेऱ्याची अळी यांना दोन्ही सारखीच प्रिय. केसातील केराटिन पचविण्याची दुर्मीळ क्षमता त्यांच्यात आहे. घामाचे वा अन्नाचे डाग असलेला भाग त्या प्रथम खातात. म्हणून मेळ्यात शेकडो हातांनी हाताळलेल्या, परंतु न विकलेल्या शाली तशाच घडी घालून ठेवणे धोक्याचे आहे. त्या झटकून, ऊन देऊन, घड्यांत ब्रश फिरवून मगच घट्ट बंद पिशवीत ठेवाव्यात. कडुनिंबाचा पाला पूरक म्हणून चालेल, पण स्वच्छतेस तो पर्याय नव्हे.

कडधान्ये, मसाले व वनौषधी. बचत गटांच्या गाळ्यांवर तूर, मटकी, कुळीथ, हळद, मिरची व वाळविलेल्या औषधी वनस्पती मोठ्या प्रमाणात असतात. कडधान्यातील भुंगेरा शेतातील शेंगेवरच अंडी घालू लागतो व तेथून कोठारात येतो. उबदार हवेत त्याची पिढी तीन ते चार आठवड्यांत पूर्ण होते. पाकीट बंद करताना दाण्यावर केवळ पांढरे ठिपके असतात; ग्राहकाच्या घरी महिन्याभराने त्यांचे भुंगेरे होतात. म्हणून भरणीपूर्वी दाण्यांचे भिंगातून निरीक्षण अनिवार्य मानावे. दाताखाली दाणा कट्ट आवाज करून फुटेल इतके धान्य वाळवावे, हवाबंद पिशव्या वापराव्यात. अखंड दाण्यास किलोमागे सुमारे ५ मिलिलिटर खाद्यतेल चोळल्यास अंडी घालण्यास व पिल्ले निघण्यास अटकाव होतो. अखंड दाण्यापेक्षा डाळीवर या भुंगेऱ्याचा उपद्रव कमी असतो. लांबच्या मेळ्यासाठी डाळ नेणे अधिक सुरक्षित. मसाल्यांत व वनौषधींत सिगारेट भुंगेरा वाढतो. तेथे तेलाचा उपाय चालत नाही. पूर्ण वाळवण, हवाबंद वेष्टन आणि लहान घाण्यांत ताजे दळण हाच मार्ग.

एक गंभीर इशारा

माल वाचविण्याच्या घाईत काही ठिकाणी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या खोलीत किंवा पेटीत ठेवल्या जातात. हा प्रकार प्राणघातक आहे. त्या गोळीतून निघणारा फॉस्फीन वायू फटींतून शेजारच्या निवासी खोलीत पोहोचतो. तिच्या वापरावर कायद्याने निर्बंध असून धुरी देण्याचे काम प्रशिक्षित व परवानाधारक व्यक्तीनेच करावयाचे असते. मेळ्यातील कारागीर बहुधा गाळ्यामागेच किंवा मालाशेजारीच झोपतात, हे विसरू नये. हा वायू तांबे व पितळ यांनाही गंजवितो. ढोकरा मूर्तींचे रूप त्याने बिघडते. तद्वतच खाद्यपदार्थांच्या व हस्तकलेच्या गाळ्यांवर घरगुती फवारे मारू नयेत. डांबराच्या गोळ्या अन्नपदार्थांजवळ कदापि ठेवू नयेत.

लहान, कोरड्या वस्तूंसाठी निर्विष पर्याय आहे. वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून उणे १८ अंश सेल्सिअसच्या शीतपेटीत दोन आठवडे ठेवाव्यात आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानास आल्याखेरीज पिशवी उघडू नये. लाखकाम व रंगविलेले लाकूड यांस तडे जाण्याचा संभव असल्याने त्यांसाठी हा उपाय टाळावा.

मेळ्यापासून मागे मोजलेले वेळापत्रक

फेब्रुवारीच्या मेळ्यात सहभागी होणाऱ्या गटाने पुढील क्रम भिंतीवर लावून ठेवावा.

• आधीच्या वर्षीचा नोव्हेंबर ते जानेवारी : बांबूची तोडणी, पाण्यात मुरवण, प्रक्रिया व वाळवण.
• जून-जुलै : बैसाखी व जेठवी लाखेची खरेदी, लाख धुऊन साठवण.
• पावसाळा : कोरड्या खोलीत विणकाम, दर पंधरवड्यास ढिगाखाली पांढरा कागद अंथरून पुडीची तपासणी.
• ऑक्टोबर : सर्व मालास ऊन व वारा, सदोष वस्तू बाजूस काढणे.
• डिसेंबर-जानेवारी : कडधान्य व मसाल्यांची ताजी भरणी, वेष्टनावर भरणीची तारीख.
• निघण्यापूर्वीचा आठवडा : अंतिम तपासणी व बांधणी.

गाळ्यावर आणि परतल्यावर

गूळ, काकवी, मिठाई यांच्या गाळ्यांवर मधमाश्या येतात. त्या पलीकडच्या फुलांचे परागीभवन करणाऱ्याच माश्या असतात. त्यांच्यावर फवारणी न करता पदार्थ बारीक जाळीने झाकावेत व सांडलेला पाक वरचेवर पुसावा.

सर्वांत दुर्लक्षित टप्पा परतीचा आहे. मेळ्यात अनेक राज्यांचा माल शेजारी शेजारी असतो. एका गाळ्यातील भुंगेरा दुसऱ्याच्या टोपलीत शिरण्यास एक रात्र पुरते. म्हणून न विकलेला माल गावी आणल्यावर कोठारात मिसळू नये. तो निदान दोन महिने स्वतंत्र खोलीत, पांढऱ्या कागदावर ठेवून पाहावा. पूड पडली नाही तरच त्यास आत घ्यावे.

ग्राहकांसाठी चार खुणा

बांबूची वा लाकडी वस्तू पांढऱ्या कागदावर हलकेच आपटावी. ताजी, फिकट पूड पडल्यास आत कीड जिवंत आहे असे समजावे. जुनी, स्वच्छ छिद्रे तितकी चिंतेची नाहीत. कडधान्याच्या दाण्यांवर पांढरे ठिपके पाहावेत. रेशमावर सिल्क मार्क आहे का, हे विचारावे. मध गोठला म्हणून नाकारू नये. या खुणा विक्रेत्यानेच छोट्या फलकावर लिहून गाळ्यावर लावाव्यात. ज्या मालास तपासणीचे भय नाही, तो तपासून घेण्याचे निमंत्रण ग्राहकास सर्वाधिक आश्वस्त करते.

समारोप

विस्तार कार्यकर्त्यांचे काम मेळ्याचा अर्ज भरून देण्यापाशी संपत नाही. गटाच्या कोठारात पावसाळ्यातून किमान दोनदा जाणे, हातात भिंग व पांढरा कागद घेऊन ढीग पाहणे आणि तोडणीचा महिना नोंदवहीत लिहून घेणे, एवढ्याने बहुतांश नुकसान टळू शकते. प्रगतशील शेतकऱ्यांनी पळस, बोर, कुसुंब, ऐन व एरंड यांकडे बांधावरची दुय्यम झाडे म्हणून न पाहता मेळ्याच्या बाजारपेठेस कच्चा माल पुरविणारी पिके म्हणून पाहावे. जवळच्या कारागीर गटाशी आगाऊ बोलणी केल्यास शेतकऱ्यास खात्रीचे गिऱ्हाईक आणि कारागिरास योग्य महिन्यात निघालेला निकोप माल मिळतो. येत्या मेळ्याची पूर्वतयारी म्हणून हे बोलणे या हिवाळ्यातील बांबूतोडणीपूर्वीच व्हावे.